चकवा आणि चोवीस उपग्रह

रानात वाट चुकलेल्या माणसाला फिरवून फिरवून पुन्हा त्याच करवंदीच्या जाळीपाशी आणून सोडणाऱ्या अदृश्य शक्तीला मराठी मुलखात 'चकवा' असे नाव आहे. ती रात्री अधिक प्रबळ असते, एकट्यादुकट्याला गाठते, आणि जागच्या जागी बसून उजाडण्याची वाट पाहणे हाच तिच्यावरचा खात्रीचा उपाय होय, असे जुनीजाणती माणसे सांगत आली आहेत. या शक्तीला शास्त्राचा दुजोरा मिळायला मात्र २००९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जर्मनीतील ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी, जंगलात व सहारा वाळवंटात माणसांना सरळ रेषेत चालायला सांगून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की माणूस आपण नाकासमोर चाललो आहोत अशा पक्क्या समजुतीत वर्तुळे काढू लागतो, असे त्यांतून निष्पन्न झाले. सह्याद्रीत हाच प्रयोग दर पावसाळ्यात, दर शनिवार-रविवारी, कोणत्याही संस्थेच्या अनुदानावाचून शेकडो स्वयंसेवक पार पाडीत असतात. फरक इतकाच की आपण प्रयोगात सहभागी आहोत, हे त्यांना साधारणतः दुपारी तीनच्या सुमारास कळते.

अशा दुपारनंतरच्या पहिल्या सोमवारी डोंगरवेड्या मध्यमवर्गीयाच्या मनात जो विचार हमखास येतो, तो 'एक साधेसे, स्वस्तातले, हातात धरायचे जीपीएस घेऊन टाकू' असा असतो. हातात धरायचे जीपीएस म्हणजे साबणाच्या मोठ्या वडीएवढे, दोन पेन्सिल सेलांवर चालणारे आणि उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून धारक पृथ्वीच्या पाठीवर नेमका कोठे उभा आहे ते आकड्यांत सांगणारे यंत्र. ते गाणी लावत नाही, फोन घेत नाही आणि सकाळी उठून कोणाला फुलांचे चित्र टाकून सुप्रभात म्हणत नाही, त्यामुळे ते निरुपयोगी आहे अशी घरातील इतरांची प्रथमदर्शनीच खात्री पटते. वर दिलेल्या वाक्यातील 'साधेसे', 'स्वस्तातले' आणि 'घेऊन टाकू' या तीन शब्दप्रयोगांपैकी एकही पुढे टिकत नाही, हे पुण्यातील एका गिरिभ्रमण मंडळाच्या खरेदीच्या आधारे दाखवता येते. या खरेदीसाठी नेमलेल्या समितीत प्रस्तुत लेखाचा कर्ता हिशेबनीस म्हणून होता, ही गोष्ट वाचकांनी पुढील विवेचनाचे मोल ठरवताना अवश्य ध्यानात घ्यावी.

समितीने पहिल्या बैठकीत यंत्राचे तत्त्व समजावून घेतले. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, दिवसाला पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारणारे निदान २४ उपग्रह आपापली जागा आणि वेळ अखंड सांगत असतात. तो संकेत प्रकाशाच्या वेगाने यंत्रापर्यंत पोचायला किती वेळ लागला यावरून त्या उपग्रहाचे अंतर निघते, आणि अशी चार उपग्रहांची अंतरे जमली की यंत्राला आपले अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या स्वस्त घड्याळातील चूक या चारही गोष्टी कळतात. उपग्रहांवरील आण्विक घड्याळे सापेक्षतेच्या नियमानुसार जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे अडतीस दशलक्षांश, पुढे पळतात, आणि एवढी चूक सुधारली नाही तर एका दिवसात स्थान दहाएक किलोमीटरने बिघडेल, ही माहिती संगणक क्षेत्रातील तरुण सदस्याने मोठ्या तन्मयतेने दिली. ही बैठक सहा वाजता ठरलेली असून सातला दहा मिनिटे कमी असताना सुरू झाली होती, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

इतिहासही असाच उद्बोधक निघाला. अमेरिकी लष्कराने आपल्या कामासाठी उभारलेल्या या यंत्रणेतील पहिला उपग्रह १९७८ साली सुटला, १९८३ साली वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेल्यावर ती सामान्यांसाठीही खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले, आणि १९८९ साली मॅगेलन कंपनीचे 'नॅव्ह १०००' हे हातात धरायचे पहिले व्यापारी यंत्र सुमारे तीन हजार डॉलरांना बाजारात आले. तरीही सामान्यांना मिळणारा संकेत मुद्दाम बिघडवून दिला जाई, म्हणजे लष्कराला नेमके ठिकाण कळे आणि इतरांना शंभरएक मीटरांच्या फरकाने. ही मुद्दाम केलेली गडबड मे २००० मध्ये बंद झाली. वाट नेमकी न सांगता अंदाजे सांगण्याची ही पद्धत अमेरिकेला कोणी शिकवली हे कळत नाही, परंतु 'हे काय, समोरच हाय, एक बिडी वढंपत्तोर पोचाल' या मार्गदर्शनावर विसंबून चार तास चाललेल्या माणसाला शंभर मीटरांची चूक ही चूक वाटतच नाही.

तत्त्व आणि इतिहास उरकल्यावर समितीने निवडीला हात घातला आणि तेथूनच ती वाट चुकली. काळ्यापांढऱ्या, दोन-सव्वादोन इंची पडद्याचे, नकाशा न दाखवणारे सर्वांत साधे यंत्र घ्यायचे असा ठराव एकमताने झाला. परंतु त्याच्या शेजारचे, थोड्याच जास्त पैशांचे यंत्र रंगीत असल्याचे आढळले, त्याच्या शेजारच्यात नकाशा साठवायची सोय होती, त्याच्या पुढच्यात हवेच्या दाबावरून उंची मोजणारे साधन होते, त्याच्याही पुढच्यात कॅमेरा होता, आणि दर पायरीला 'एवीतेवी एवढे घालतोच आहोत, तर अजून थोडे' हे सूत्र लागू पडत असल्याने तिसऱ्या बैठकीअखेर समिती ज्या यंत्रापाशी पोचली, त्याच्या किमतीत सेकंडहँड स्कूटर आली असती. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी एक चौकटींचा तक्ता केला. त्यात आडवी अकरा यंत्रे आणि उभे सव्वीस गुण होते, प्रत्येक गुणाला दहापैकी गुण देऊन बेरीज मारली होती, आणि त्या बेरजेत पहिल्या आलेल्या यंत्राचे उत्पादन केव्हाच बंद झाले होते.

एका ज्येष्ठ सदस्याने स्वदेशीचा मुद्दा काढला. भारताच्या 'नाविक' या उपग्रह मार्गदर्शन यंत्रणेतील सात उपग्रह २०१३ ते २०१६ या काळात सोडले गेले असताना आपण परक्यांच्या उपग्रहांना वाट का विचारावी, असा त्यांचा सवाल होता; परवडणाऱ्या हस्तयंत्रांपैकी तक्त्यातील एकालाही 'नाविक'चा संकेत कळत नव्हता, असे दाखवून दिल्यावर त्यांनी यंत्राऐवजी समितीवर अविश्वास दर्शवला. दुसऱ्या एका शंकेखोराने, मोबाइलमध्ये जीपीएस असतेच, मग हा खटाटोप कशाला, असे विचारून सभेत शांतता पसरवली. हा प्रश्न रास्त होता. मोबाइलमधील जीपीएसला रेंज लागत नाही, कारण रेंज ही फोनच्या मनोऱ्याची गोष्ट आणि जीपीएस ही उपग्रहांची. नकाशा आधी उतरवून घेतला तर फोनही रानात वाट दाखवतो. परंतु हे मान्य केले असते तर समिती बरखास्त करावी लागली असती, म्हणून 'पावसात फोन भिजतो', 'ओल्या बोटांनी पडदा ऐकत नाही' आणि 'बॅटरी उतरते' ही तीन कारणे एकाच वेळी तीन सदस्यांनी मोठ्याने सांगितली. ती तिन्ही खरी होती, हा निव्वळ योगायोग.

या काळातील समितीच्या सदस्यांचे वर्तन मानसशास्त्रीय दृष्टीने चिंतनीय आहे. डोंगरात समोरून गुराखी येत असताना, त्याला वाट विचारली तर आपली पाठपिशवी, बूट आणि दिशाज्ञान यांची किंमत कमी होईल या भीतीने, ही मंडळी 'राम राम' एवढेच म्हणून चुकीच्या वाटेने रुबाबात पुढे जात. पण कोणाला वाट विचारावी लागू नये यासाठी घ्यायच्या यंत्राविषयी त्यांनी दुकानदार, मेहुणे, निवृत्त सुभेदार, केबलवाला आणि दाढ दुखत असताना दाताचा डॉक्टर अशा सर्वांना, कसलाही संकोच न बाळगता, महिनाभर विचारले. पुण्यातील एका दुकानात झालेला संवाद तर फारच त्रोटक होता.

'गाडीत लावायचंय?'

'नाही, हातात धरायचंय.'

'हातात मोबाइल आहे ना तुमच्या.'

'डोंगरात जायचंय.'

'मग गाइड घ्या. दोनशे रुपये पडतील.'

अखेर ही खरेदी, अनेक मराठी खरेद्यांप्रमाणे, अमेरिकेतल्या भाच्यावर सोपवण्यात आली. न्यू जर्सीतील तो भाचा ज्या दुकानात गेला तेथे हे यंत्र बंदुका, गळ आणि झाडोऱ्याच्या रंगाचे कपडे यांच्या शेजारी मांडलेले होते, कारण तिकडे स्वस्त हस्तयंत्रांचा मोठा गिऱ्हाईक शिकारी हा आहे. पहाटेच्या अंधारात जाऊन बसायचे झाड कोणते, खासगी जमिनीची हद्द कोठे संपते, लंगडत गेलेले हरीण कोठे पडले आणि तेथून गाडी कोणत्या दिशेला, एवढ्या माफक गोष्टी त्याला हव्या असतात. म्हणून तिकडचे जाणकार त्याला नकाशांच्या नादी न लागता साधे, हातमोजे घालूनही दाबता येतील अशा बटणांचे आणि वाटेत कोठेही मिळणाऱ्या सेलांवर चालणारे यंत्र घे, असे सांगतात. विक्रेत्याने भाच्याला, मामा कशाची शिकार करतात, असे आपुलकीने विचारले. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे हे त्याने सांगितले. मामा फक्त थापा मारतात, हे मात्र त्याला इंग्रजीत सांगता आले नाही.

त्याच दुकानात थोडे अधिक पैसे घालून उपग्रहामार्फत निरोप पाठवणारे व संकटात मदतीची हाक देणारे यंत्रही मिळत होते आणि भाच्याची इच्छा तेच पाठवायची होती. साधे जीपीएस फक्त ऐकते, ते उपग्रहाला काही सांगत नाही. हे दुसरे यंत्र उलट बोलते, आणि उपग्रहाशी परवान्यावाचून असे बोलायला भारतात मनाई असल्याने, ते खिशात घेऊन आलेल्या परदेशी पाहुण्यांना गोव्याच्या विमानतळावर पोलिसांपुढे उभे राहावे लागल्याचे वृत्तपत्रांत येऊन गेले आहे. त्यामुळे उलट न बोलणारे यंत्र निवडण्यात आले, आणि भाच्याकडे राहून आलेल्या आत्याबाईंच्या परतीच्या बॅगेत, बदाम आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या मध्ये, मोज्यात गुंडाळून ते पुण्यात दाखल झाले.

त्याचे स्वागत घरोघरी सारखेच झाले असते असे दिसते. हिशेबनीसाच्या घरी, हे यंत्र वीस हजार किलोमीटरांवरून माणूस शोधून काढते असे सांगण्यात आल्यावर, 'मग फ्रीजच्या वरच्या कप्प्यात डोळ्यांसमोर ठेवलेलं विरजण तुम्हाला का सापडत नाही?' असा प्रश्न विचारला गेला, आणि त्यावर सापेक्षतेचा सिद्धान्त लागू पडत नसल्याने विषय तेथेच थांबला.

यंत्र गच्चीवर नेऊन सुरू करण्यात आले. कोऱ्या किंवा दूरवरून आलेल्या यंत्राला उपग्रहांचे पंचांग नव्याने ऐकून घ्यावे लागते, आणि ते संकेतातून इतक्या संथपणे येते की पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटे लागतात. त्या अवधीत यंत्र उघड्या आकाशाखाली स्थिर धरायचे असल्याने हिशेबनीस संध्याकाळच्या वेळी हात पुढे करून, मान वर करून उभा राहिलेला शेजारच्या तीन इमारतींनी पाहिला. स्थान मिळाले तेव्हा ते फुटांत, मैलांत आणि न्यू जर्सीच्या वेळेत मिळाले. यंत्रातील मूळ नकाशात अमेरिकेचे रस्ते होते आणि भारताच्या जागी एक बाह्यरेषा व 'मुंबई' असे नाव होते. त्या रेषेच्या आत आपण आहोत, एवढी खात्री मात्र झाली.

त्यात शिकार आणि मासेमारीचे एक पंचांगही होते. चंद्राच्या स्थितीवरून कोणत्या दिवशी सावज हाती लागण्याचा योग आहे ते त्यात वर्तवलेले असते आणि पौर्णिमा-अमावास्येला ते विशेष अनुकूल असते. ज्या मंडळातील निम्मे सदस्य कांदासुद्धा चातुर्मासात खात नाहीत, त्या मंडळाच्या यंत्राने गुरुपौर्णिमेच्या पहाटे 'आज शिकारीस उत्तम दिवस' असे जाहीर केले, तेव्हा ज्येष्ठ सदस्यांनी ते बंद करता येते का, हे विचारले. ते बंद करता येत नव्हते, आणि पंचांगच असल्यामुळे काकांनी दुसऱ्या दिवसापासून ते नियमित वाचायला घेतले.

पहिली मोहीम खांडसवरून भीमाशंकरची ठरली. कर्जत तालुक्यातील या गावातून भीमाशंकरला दोन वाटा चढतात. एक शिडी घाटाची, नावाप्रमाणे शिड्यांची आणि छातीत धडकी भरवणारी, आणि दुसरी गणेश घाटाची, लांबची पण शहाण्यांची. आदल्या रात्री हिशेबनीसाने यंत्रात भीमाशंकरचा खूणबिंदू भरला. खूणबिंदू म्हणजे एखाद्या जागेचे अक्षांश-रेखांश नाव देऊन साठवून ठेवणे. ते अंशांच्या दशांशात लिहिता येतात, तसेच अंश आणि मिनिटे अशा जुन्या रीतीनेही लिहिता येतात, आणि एका अंशाची मिनिटे शंभर नसून साठ असल्याने या दोन रीतींत गल्लत झाली की पुराणातले चमत्कार घडतात. कागदावर रेखांश ७३.५३ असा होता. हिशेबनीसाने तो ७३ अंश ५३ मिनिटे असा भरला. परिणामी बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक ज्योतिर्लिंग सुमारे ३७ किलोमीटर पूर्वेला सरकून जुन्नर-नारायणगावकडच्या द्राक्षमळ्यांच्या बाजूला जाऊन बसले. सकाळी खांडसला यंत्राने मंदिर चाळीस किलोमीटरांच्या वर असल्याचे सांगितले तेव्हा, 'यंत्र वळणावळणाचे अंतर धरत असेल,' असा निर्वाळा काकांनी दिला. दिशा पूर्वच होती, त्यामुळे शंका घ्यायला जागा उरली नाही.

दाट झाडीत शिरल्यावर यंत्राचा दुसरा गुण उघड झाला. स्वस्त यंत्रांत चुंबकीय होकायंत्र नसते. धारक कोणत्या दिशेला चालला आहे हे ते त्याच्या आधीच्या आणि आत्ताच्या जागांवरून ठरवते, याचा अर्थ धारक चालत असेल तरच बाणाला दिशा कळते आणि तो थांबला की बाण वेड लागल्यासारखा हवा तिकडे फिरतो. चालावे कोणीकडे हे कळण्यासाठी आधी चालायचे आणि ते चालणे बरोबर की चूक हे नंतर ठरवायचे, ही पद्धत लग्नसंस्थेखेरीज अन्यत्र आढळत नाही. सदस्य वीस पावले उजवीकडे जात, बाणाकडे पाहत, मग वीस पावले डावीकडे जात; वर ओल्या पानांचे छत संकेत अडवीत होते, बाजूचा कातळ तो परावर्तित करून जागा इकडची तिकडे दाखवीत होता, आणि धुके खाली उतरू लागले होते. काकांनी आणलेला भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा उघडण्यात आला. तो, ज्यांचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला दिले गेले त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या पृथ्वीच्या आकारमानावर बेतलेला होता आणि यंत्र मात्र अलीकडच्या निराळ्या आकारमानाने चालत होते. या दोन पृथ्वींतील तफावतीमुळे एकच जागा शंभरएक मीटरने सरकू शकते. सपाट मुलखात हे चालून जाते. कड्याच्या काठावर मात्र शंभर मीटरांत कोकण आणि घाट एवढा फरक असतो, आणि नकाशाप्रमाणे समिती त्या क्षणी हवेत उभी होती.

डोक्यावर फाटीचा भारा घेतलेल्या एका मावशी तेथून दोनदा गेल्या. दुसऱ्यांदा त्या थांबल्या.

'काय हरावलंय का, दादा?'

'नाही मावशी, उपग्रह शोधतोय.'

मावशींनी झाडांच्या शेंड्यांकडे पाहिले, सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिले, आणि 'बसा घडीभर, पानी प्या' असे म्हणून त्या निघून गेल्या. चकव्यावरचा पारंपरिक उपाय त्यांना ठाऊक होता हे उघड आहे.

यानंतर सेल संपले. ते इतक्या लवकर संपायला नको होते. परंतु पुन्हा भरता येणारे सेल साध्या सेलांपेक्षा थोड्या कमी दाबाची वीज देतात, म्हणून कोणते सेल घातले आहेत ते यंत्राला आधी सांगावे लागते, आणि ते सांगितले नसल्याने यंत्राने अर्धे भरलेले सेलसुद्धा रिकामे समजून डोळे मिटले. हिशेबनीसाने आणलेले आठ राखीव सेल पाठपिशवीच्या तळातून, पुरीभाजीच्या डब्याखालून काढण्यात आले. पेन्सिल सेल या एकाच नावाने बाजारात जाड आणि बारीक असे दोन प्रकार मिळतात. ते आठही सेल बारीक होते. त्यांपैकी दोन, पुरीभाजीच्या डब्याच्या चंदेरी कागदाच्या गुंडाळ्या लावून, जागेवर घट्ट बसवण्याचा संगणक क्षेत्रातील तरुणाचा प्रयत्न यशस्वी झाला, ही या मोहिमेतील एकमेव तांत्रिक कामगिरी म्हणून नोंदवणे भाग आहे. जागे झालेल्या यंत्राने सकाळपासूनची वाट पडद्यावर काढून दाखवली. यंत्र धारकाच्या पायाखालून गेलेल्या वाटेची रेघ आपोआप काढत असते, तिला माग म्हणता येईल. या मागात एक वर्तुळ होते, त्याच्यात आणखी एक वर्तुळ होते, आणि दोन्हींच्या मध्यभागी करवंदीची जाळी होती. घड्याळात दुपारचे तीन वाजले होते.

पदरावरच्या वाडीतले एक मामा त्या वेळी कोयता घेऊन वरच्या अंगाने आले. पदर म्हणजे डोंगराच्या मध्यावरची सपाट पट्टी.

'कुठं निघाला?'

'भीमाशंकरला.'

'मग खाली कशाला चाललाय?'

या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडे नव्हते. यानंतरचे सर्व अगदी सुरळीत झाले. मामा पुढे आणि समिती मागे अशी रांग लागली, गटप्रमुखांची पाठपिशवी मामांच्या पाठीवर गेली, आणि यंत्राला मोकळे आकाश लागते व सदस्यांचे दोन्ही हात कारवीच्या काठ्या धरण्यात गुंतलेले आहेत, हे लक्षात घेऊन यंत्रही त्याच पिशवीच्या पट्ट्याला अडकवण्यात आले. मामांनी यंत्राची चौकशी केली. त्यातील एकाच सोयीने त्यांचे डोळे चमकले: एखाद्या तुकड्याभोवती चालत फेरी मारली की त्याचे क्षेत्रफळ यंत्र सांगते.

'म्हंजी बांध मोजता येतो यात?'

'येतो ना.'

'किती फरकानं?'

'तीन-चार मीटर इकडंतिकडं.'

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा वाद दीड हाताचा होता.

वाटेत मामा एकदा मुख्य वाट सोडून उजवीकडे आत शिरले. सकाळपासून त्यांची म्हैस सापडत नव्हती आणि खरे तर तिच्याच शोधात ते निघाले होते. रांग त्यांच्यामागे निमूट शिरली, एका ओढ्यापाशी वीसेक मिनिटे थांबली, मामांनी दोन हाका मारल्या, म्हैस नव्हती, रांग मागे फिरली आणि दिवेलागणीला भीमाशंकरच्या मंदिरापाशी पोचली. मामांना दोनशे रुपये, चहा आणि उरलेल्या पुऱ्या मिळाल्या. दुकानदाराचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

पुण्यात परतल्यावर त्या दिवसाच्या मागातील वर्तुळांचा भाग संगणकावर कापून टाकण्यात आला आणि उरलेली, मामांच्या पायाची, सरळ व देखणी रेघ 'खांडस ते भीमाशंकर, आडवाटेने; मंडळाची स्वतंत्र शोधमोहीम' या नावाने इतर मंडळांना मोफत वाटण्यात आली. पुढच्या हंगामात ठाणे, डोंबिवली आणि नाशिक येथील गट ती रेघ यंत्रात भरून तंतोतंत चालले. प्रत्येक गट त्या ठरावीक जागी मुख्य वाट सोडून उजवीकडे वळला, ओढ्यापाशी वीस मिनिटे थांबला, आणि मागात एवढा मुक्काम दिसतो त्या अर्थी येथे काहीतरी असणार, म्हणून त्याने आजूबाजूला बारकाईने पाहिले. डोंबिवलीच्या गटाला तेथे पाण्याच्या जुन्या टाक्याचा संशय आला आणि त्यांनी तसा खूणबिंदू नोंदवला. नाशिककरांना कोरीव पायऱ्या दिसल्या. म्हैस तिसऱ्याच दिवशी आपल्या पायांनी घरी आली होती. ओढ्याकडे जाणारी ती पायवाट आता चांगली मळलेली असून तिच्या टोकाला शनिवार-रविवारी मामांची सून लिंबूसरबत घेऊन बसते.